पहिल्या प्रश्नाचं उत्तर

काकांनी आयुष्यात फक्त एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. ऐकायला हे बरं वाटतं, पण छापखान्याच्या नोटिसा सोडल्या तर त्यांना आलेलं पत्रही तेवढं एकच होतं. ते आलं तेव्हा काका नववीत होते. त्याला आता एकावन्न वर्षं झाली.

त्या वर्षी भूगोलाच्या सरांनी एक उपक्रम काढला होता. दूरच्या एका गावातल्या मुलींच्या शाळेशी त्यांनी संधान बांधलं आणि दोन्हीकडच्या वर्गांच्या जोड्या लावल्या. मुलींनी प्रश्नावली पाठवायची, मुलांनी आपल्या गावाची माहिती भरून ती परत करायची. अशा जोडीदाराला ‘भूगोलमित्र’ म्हणायचं. काकांच्या वाट्याला नववी ‘ब’मधली हजेरी क्रमांक सतरा आली. सरांनी नावं मुद्दाम कळू दिली नव्हती. नाव कळलं की या वयाची मुलं भूगोल विसरतात, असा त्यांचा अनुभव होता.

प्रश्न दहा होते आणि खाली हातानं लिहिलेल्या चार ओळी होत्या. ‘प्रिय भूगोलमित्र, याला दहा गुण आहेत. उत्तर आलं नाही तर बाई शून्य देतात. मी वसतिगृहात नवीन आहे आणि मला इथे कोणाचंच पत्र येत नाही. तुमचं आलं तर सगळ्यांना दिसेल. कृपया लवकर पाठवा.’

पहिलाच प्रश्न होता, ‘आपले गाव कोणत्या नदीच्या काठी आहे?’ गाव कोणत्याच नदीच्या काठी नव्हतं. दुसरा प्रश्न डोंगराचा, तिसरा खनिजांचा. काकांनी पेन्सिलीनं तीनदा ‘नाही’ लिहिलं आणि कागद लांब धरून पाहिला. बिचारीनं एवढ्या आशेनं विचारावं आणि आपण तोंडावर नाही, नाही, नाही म्हणावं, हे त्यांना बरं दिसेना. गावात काहीतरी सांगण्यासारखं सापडलं की मग लिहू, असं त्यांनी ठरवलं. शोधता शोधता वार्षिक परीक्षा आली, मग दहावी, मग छापखान्यातली नोकरी. पत्र नकाशांच्या वहीत राहिलं. काकांनी तीनदा घर बदललं, वही तिन्ही वेळा त्यांच्याबरोबर आली.

छापखान्यात ते मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या हजारो पानांतल्या चुका त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं दुरुस्त केल्या, पण स्वतःचं असं एक पानही लिहायचा त्यांना धीर झाला नाही. आपण लिहिलेलं चूक निघालं तर दुरुस्त कोण करणार, ही त्यांची भीती. लग्नाचंही बहुतेक असंच काहीतरी झालं असावं.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी एका सकाळी पाववाल्यानं त्यांना विचारलं, “एक की दोन?” काका ‘एक’ म्हणायला गेले तर आवाजच फुटला नाही. नुसतं खर्र झालं. त्यांनी बोट दाखवून काम भागवलं, घरी आले आणि आपण शेवटचं कधी बोललो ते आठवू लागले. मंगळवारी बसमध्ये एकाला ‘सरका’ म्हटलं होतं. आज बुधवार होता, पण पुढच्या आठवड्यातला.

त्या दुपारी त्यांनी नकाशांची वही काढली. आपण कोणाला हवे आहोत असं लेखी स्वरूपात म्हणणारा तेवढाच एक कागद त्यांच्यापाशी होता. ती मुलगी आता आपल्याएवढीच झाली असेल, शाळेत नसेल, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण शाळेचा पत्ता होता, आणि शाळा म्हातारी होऊन कुठे जात नाही. मुख्य म्हणजे आपल्यामुळे एकीच्या प्रगतिपुस्तकात शून्य बसलं आहे, ते तसंच ठेवून आपण जाणं त्यांना पटेना. त्यांनी उत्तर द्यायचं ठरवलं. मात्र खरं, तपासलेलं उत्तर.

तर पहिला प्रश्न, नदी. एका जुन्या माणसाकडून काकांनी नोकरीला लागल्यावर कधीतरी ऐकलं होतं की पूर्वी गावातून एक ओढा वाहायचा आणि तो हल्ली काका राहतात त्याच भागात कुठेतरी होता. याची खात्री करायला ते दुसऱ्या दिवशी पालिकेत गेले. पाण्याच्या खिडकीपाशी त्यांनी चार माणसं पुढे जाऊ दिली, मग मनातल्या मनात वाक्य एकदा तपासून घेतलं आणि विचारलं.

कारकुनानं सांगितलं की ही खिडकी तक्रारींची आहे, माहितीची नाही. माहितीची खिडकी कुठे आहे, असं काकांनी विचारलं. ती माहिती माहितीच्या खिडकीवर मिळेल, असं कळलं.

“तक्रार काय आहे ते बोला ना,” कारकून म्हणाला.

“तक्रार अशी नाही हो. एक ओढा होता. तो कुठे गेला, एवढंच.”

“म्हणजे पाणी होतं आणि आता दिसत नाही.”

“तसं म्हणता येईल.”

“मग गळती.”

काकांनी नम्रपणे हरकत घेतली. कारकुनानं छापील अर्ज त्यांच्यापुढे फिरवला. त्यावर तीन चौकोन होते. गळती, तुंबणे आणि इतर. ‘इतर’वर खूण केली तर साहेबांची सही लागते आणि साहेब सोमवारी येतील. काकांच्या मागे रांगेत कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला. आपल्यामुळे कोणाचा खोळंबा होतोय हे कळलं की काका कशालाही तयार होत. त्यांनी ‘गळती’वर खूण केली. पण पुढच्या ओळीत ‘गळतीचे ठिकाण’ होतं, आणि तिथे खोटं लिहायचं त्यांच्या हाताला जमेना. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘निश्चित माहीत नाही. गल्लीत कोठेही असू शकेल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गल्लीत पालिकेची गाडी आली. मुकादमानं अर्ज दोनदा वाचला. गळतीची जागा माहीत असली की एक खड्डा पुरतो, असं त्यानं पुढे काकांना समजावून सांगितलं. जागा माहीत नसली की नियमाप्रमाणे दर पंधरा पावलांवर एक घ्यावा लागतो. आणि खणताना नळाचं पाणी बंद ठेवावं लागतं. दुपारपर्यंत गल्लीत तीन खड्डे झाले आणि एकाही घरात पाणी उरलं नाही.

काका तेव्हा दारात उभे राहून नववा प्रश्न सोडवत होते. ‘आपण राहता त्या गल्लीचा आराखडा काढा व प्रत्येक घरात राहणाऱ्यांचा व्यवसाय लिहा.’ आराखडा झकास जमला होता. दोन्ही बाजूंना मिळून अकरा घरं, कोपऱ्यावर टपालाची पेटी, उत्तर दिशेचा बाण. घरं मात्र सगळी कोरी होती. काका या गल्लीत बावीस वर्षं राहत होते आणि कोणत्या घरात कोण काय करतं, हे त्यांना एकाही चौकोनात लिहिता येत नव्हतं. येता-जाता मान हलवणारी माणसं त्यांना ठाऊक होती. माना ओळखीच्या होत्या, एवढंच.

पहिल्यांदा वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. हातात कात्री तशीच होती.

“तक्रार तुम्ही केलीत म्हणे.”

“केली,” काका म्हणाले, “पण ती तक्रार नव्हती.”

“शाळेचे चाळीस गणवेश उद्या द्यायचेत. इस्त्रीला पाणी मारायचं कशानं? थुंकू?”

काकांनी क्षमा मागितली. ती मागताना त्यांची नजर कात्रीवर गेली, मग बाईंच्या गळ्यातल्या टेपवर, आणि मग हातातल्या आराखड्यातल्या कोऱ्या चौकोनावर. हे विचारायची ही वेळ नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण बावीस वर्षांत दुसरी वेळ आली नव्हती.

“आपण... शिवणकाम करता का?”

बाईंनी कात्री खाली केली. “बावीस वर्षं माझं मशीन तुमच्या डोक्यावर चालतंय काका. तुम्हाला काय वाटलं, मी वर आगगाडी ठेवलीय?”

काकांनी ‘शिवणकाम’ लिहिलं आणि कागद छातीशी धरला.

तेवढ्यात समोरचे घड्याळवाले आले. खोदकामाची धूळ उघड्या घड्याळांत जाते, सहा गिऱ्हाइकांची घड्याळं उलटी चालायला लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बोलत असताना काका लिहू लागले. घड्याळवाले थबकले. आपण बोलतोय आणि समोरचा लिहून घेतोय, असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी आवाज खाली आणला आणि ‘दुरुस्तीचं काम, तिसरी पिढी’ असं नीट सांगितलं. वर, भिंतीवरची घड्याळं वेगळी लिहा, असंही सुचवलं. शेवटच्या घरातल्या नर्सताई रात्रपाळी करून झोपल्या होत्या, त्या कुदळींनी जाग्या होऊन आल्या. काकांनी व्यवसाय विचारला तेव्हा “झोपणे” असं त्या तिरसटपणे म्हणाल्या. काकांनी तेही लिहिलं, मग हळूच विचारून दुरुस्त केलं.

संध्याकाळपर्यंत अकरापैकी दहा चौकोन भरले. काकांना एका दिवसात इतकं कोणी कधी बोललं नव्हतं. सगळे रागानंच बोलले, हे खरं, पण त्यांचा घसा मोकळा झाला.

गल्लीनं मात्र यातून वेगळाच अर्थ काढला. गेली दोन वर्षं कोपऱ्यावरचा दिवा बंद होता. घड्याळवाल्यांनी त्यासाठी सात अर्ज केले होते आणि साधी पोचसुद्धा आली नव्हती. आणि या माणसानं काल दुपारी अर्ज केला, आज सकाळी गाडी हजर. शिवाय घरोघरची माहिती लिहून घेतोय. याचा हात वरपर्यंत पोचलेला असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळवाले घरी आले, “साहेब, एक विनंती होती,” म्हणत पाय पुसून आत आले आणि दिव्याचा आठवा अर्ज काकांच्या हातात ठेवला.

काकांनी जीव तोडून सांगितलं की आपला पालिकेशी काही संबंध नाही. “मी फक्त भूगोलाचा अभ्यास करतोय.”

“या वयात?”

“उशीर झालाय जरा. नववीचा आहे.”

घड्याळवाल्यांनी डोळे मिचकावले. मोठी माणसं असंच बोलतात, हे त्यांना माहीत होतं. काकांनी अर्ज वाचला, त्यातल्या चार चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला. दुपारपर्यंत आणखी पाच अर्ज आले. काकांनी पाचही तपासून दिले. एकावन्न वर्षांचं एक उत्तर तुंबलेलं असताना नवे कागद घरात येत होते आणि काका कोणालाच नाही म्हणू शकत नव्हते.

तिसऱ्या दिवशी मधल्या खड्ड्यात पहारीला दगडी फरशी लागली. ती उचलून मुकादमानं आत वाकून पाहिलं. खाली पाणी वाहत होतं. स्वच्छ, हातभर रुंद, आपल्या घाईत. गल्लीतली सगळी माणसं गोळा झाली. बावीस वर्षं काय, पन्नास वर्षं काय, ही सगळी माणसं त्याच्यावरून ये-जा करत होती.

“ही घ्या तुमची गळती,” मुकादम म्हणाला.

“ही गळती नाही,” काका म्हणाले. “हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.”

आता उत्तर लिहायचं तर ओढा कुठून कुठे वाहतो आणि किती वेगानं, हे आलंच. काकांनी चाचरत मुकादमाला बाकीचे दोन खड्डेही तेवढेच खोल करून तिथल्या फरश्या उचलायची विनंती केली. मुकादमालाही आता चैन पडत नव्हतं. फरश्या निघाल्या. शिवणवाल्या बाईंनी गणवेशाच्या निळ्या कापडाची एक चिंधी आणली. वरच्या खड्ड्यात ती सोडायची आणि खालच्या खड्ड्यात कधी येते ते पाहायचं, असं ठरलं. घड्याळवाले घड्याळ घेऊन वर उभे राहिले. नर्सताईंना घड्याळवाल्यांच्या घड्याळांवर विश्वास नव्हता, त्या स्वतःची नाडी मोजत खाली बसल्या. अर्ज घेऊन आलेली माणसं मधल्या खड्ड्याभोवती वाकली.

“सोडली,” बाई म्हणाल्या.

गल्ली इतकी शांत झाली की बाईंच्या घरातला नळ कोरडाच सूं करतोय तो ऐकू आला.

“गेली, गेली, इथनं गेली,” मधली माणसं म्हणाली.

“आली,” नर्सताई म्हणाल्या.

घड्याळवाल्यांच्या मते एकेचाळीस सेकंद झाले आणि नर्सताईंच्या मते त्रेचाळीस. त्यावर जी बाचाबाची झाली ती नळाला पाणी येईपर्यंत चालली. काकांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले. असा प्रसंग आपल्या आयुष्यात येईल आणि आपण त्यात मधोमध उभे असू, हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी तपासून पाहायला मागितलं असतं.

संध्याकाळी शिवणवाल्या बाई चिंधी परत मागायला आल्या. ती वाळत घातली होती. टेबलावर प्रश्नावली होती, ती त्यांनी विचारून वाचली. खालच्या चार ओळी दोनदा वाचल्या.

“यासाठी एवढं केलंत?”

“तिला शून्य मिळालं असणार,” काका म्हणाले. “माझ्यामुळे.”

बाई खुर्चीत बसल्या. “तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींना तुमच्या वर्गातल्या मुलांची उत्तरं गेली होती ना?”

“गेली होती.”

“म्हणजे गाव हेच. मग शेजारणीची वही घेतली असेल आणि उतरवून काढलं असेल. वसतिगृहात हेच चालतं. मी काढलीत ना वर्षं. आमच्याकडे एका मुलीनं सगळ्या वर्गाचा भूगोल एकटीनं लिहिला होता. तुम्हाला काय वाटलं, ती शून्य घेऊन बसून राहिली असेल?”

काकांना खरोखरच तसं वाटलं होतं. एकावन्न वर्षं त्यांना तेच वाटत आलं होतं.

बाई चिंधी घेऊन वर गेल्या. खरं तर काकांचं ओझं उतरायला हवं होतं. एका मुलीचं काही वाईट झालं नव्हतं, ही आनंदाचीच गोष्ट. पण ओझं उतरल्यावर हाताशी काहीच उरेना. कुठेतरी कोणीतरी आपल्या उत्तराची वाट पाहत आहे, एवढ्या एका गोष्टीवर काकांनी बरीच वर्षं रेटली होती. ती वाट पाहतच नव्हती म्हटल्यावर मग कोणीच पाहत नव्हतं. वर मशीन सुरू झालं. काकांनी प्रश्नावलीची घडी घातली आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली आणि ते चटकन उठून बसले. वर्गातल्या मुलांनी काय काय लिहून पाठवलं होतं, ते त्यांना आठवलं. एकानं गावाला मोठी नदी दिली होती. एकानं कोळशाची खाण. आणि मागच्या बाकावरच्या एकानं, समुद्र दीडशे कोसांवर असताना, बंदर बांधून दिलं होतं. म्हणजे हजेरी क्रमांक सतरानं यांतलंच काहीतरी उतरवलं. म्हणजे त्या बाईच्या मनात गेली एकावन्न वर्षं या गावाला बंदर आहे. कदाचित तिनं ते आपल्या मुलांनाही सांगितलं असेल.

हे मात्र चालण्यासारखं नव्हतं. पन्नास वर्षांत काकांनी जाणूनबुजून एकही चूक छापू दिली नव्हती.

त्यांनी कोरा कागद घेतला आणि वर मध्यभागी लिहिलं, ‘शुद्धिपत्र’. मग एका बैठकीत दहाही उत्तरं लिहून काढली. आपल्या गावात बंदर नाही. नदी नाही. ओढा आहे, हातभर रुंद, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. तीस पावलं जायला त्याला एकेचाळीस सेकंद लागतात, काहींच्या मते त्रेचाळीस. खनिज नाही. सोबत गल्लीचा आराखडा. पाकिटावर त्यांनी पत्ता लिहिला, ‘हजेरी क्रमांक १७, नववी ब’, आणि खाली, ‘त्या आता नसल्यास, सध्या जी असेल तिने वाचावे’.

आता मात्र त्यांचा धीर पुन्हा खचला. ते पाकीट घेऊन दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. शेवटी वर जाऊन त्यांनी बाईंचं दार वाजवलं आणि एकदा नजर घालता का, असं विचारलं. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. आराखड्यापाशी थांबल्या.

“हे घर कोरं का?”

“ते माझं आहे.”

“मग?”

“काय लिहावं ते निश्चित होईना. निवृत्त म्हणजे व्यवसाय नव्हे.”

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली, त्या चौकोनात ‘गल्लीचे अर्ज तपासतात’ असं लिहिलं आणि कागद पाकिटात घालून पाकीट स्वतःच चिकटवलं. पुन्हा तपासायला मिळू नये म्हणून असेल. मग चपला घालून त्या त्यांच्याबरोबर खाली उतरल्या.

खड्डे अजून उघडेच होते, कारण मुकादमाला ‘गळती बंद केली’ असं लिहून द्यायचं होतं आणि ओढा बंद कसा करायचा हे त्याला साहेबांना विचारायचं होतं. फळीवरून जाताना काकांनी वाकून खाली पाहिलं. ओढा चालू होता. घड्याळवाल्यांनी दुकानातून हात केला आणि आकडा एकेचाळीसच लिहिला ना, असं विचारून घेतलं. काका ‘हो’ म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या पेटीत काकांनी पाकीट सरकवलं. आत पडल्याचा आवाज झाला, पण तो नीट झाला असं त्यांना वाटेना. त्यांनी बोटं आत घातली, मग पंजा मनगटापर्यंत घातला आणि चाचपू लागले.

“पडलंय हो काका,” बाई म्हणाल्या. “आता हात काढा.”